पडीक रान मोकळं करताना: वेडी बाभूळ ट्रॅक्टरने मुळासकट कशी काढावी

करमाळा तालुक्यातली आमची साडेतीन एकर जमीन वडील गेल्यावर 11 वर्षं पडून होती. पुण्याहून जाऊन-येऊन ती पुन्हा वहितीखाली आणायला मला दोन वर्षं लागली आणि त्यातलं पहिलं वर्ष पूर्ण वाया गेलं. त्या वर्षी मजूर लावून सगळी वेडी बाभूळ जमिनीलगत तोडून घेतली. रान स्वच्छ दिसायला लागलं, आईला फोटो पाठवला. पुढच्या पावसाळ्यात गेलो तर एकेका खुंटातून आठ-आठ, दहा-दहा फुटवे वर आलेले. जिथे एक खोड होतं तिथे झुडपाचा घेर झाला होता, आणि आत शिरायलाही वाट नव्हती.

वेडी बाभूळ वरून तोडली की मरत नाही. खोड जिथे मुळाला मिळतं तिथे जमिनीखाली एक जाड गड्डा असतो, आणि फुटण्याचे डोळे त्या गड्ड्यावर असतात, वरून साधारण वीतभर ते फूटभर खोलीपर्यंत. गड्डा निघाला तर खाली राहिलेलं मूळ सहसा फुटत नाही. गड्डा राहिला तर झाड राहिलं. हे डोक्यात पक्कं असेल तर पुढचं सगळं काम सरळ होतं. म्हणून ज्यांच्याकडे अशी जमीन पडून आहे आणि जे पहिल्यांदाच हात घालणार आहेत, त्यांच्यासाठी क्रमाने लिहितो.

1. आधी कागद बघा, मग कोयता उचला

सोबत काय असावं:

- चालू सातबारा आणि 8अ
- गटाचा नकाशा, मोजणी झाली असेल तर तिची ‘क’ प्रत
- जमीन सामायिक असेल तर बाकीच्या खातेदारांची लेखी संमती
- ट्रॅक्टर भाड्याचा असेल तर त्याचा विमा आणि चालकाचा परवाना यांची प्रत

सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचा. तिथे वन, खाजगी वन किंवा कलम 35 अशी काही नोंद दिसली तर एक काटकीही तोडू नका. हे कलम भारतीय वन अधिनियम, 1927 मधलं आहे. आधी तलाठ्याकडून त्या नोंदीचा फेरफार काढून घ्या आणि तो घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात जा.

दुसरी नोंद पोटखराब्याची. पडीक रानाचा मोठा भाग बऱ्याचदा पोटखराब्यात लागलेला असतो. वर्ग ‘अ’ म्हणजे खडकाळ किंवा नापीक, पण शेतकरी स्वतः सुधारून लागवडीखाली आणू शकतो असा. वर्ग ‘ब’ म्हणजे नाला, रस्ता, स्मशान अशा सार्वजनिक कामासाठी ठेवलेला. ‘ब’ ला हात लावायचा नाही. ‘अ’ लागवडीखाली आणला तर तलाठ्याकडे अर्ज करून तशी नोंद करून घ्या.

झाडांचा कायदा वेगळा आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, आंबा, चिंच, फणस, जांभूळ, मोह, हिरडा, ऐन अशी झाडं आहेत. ती तुमच्या मालकीच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वेडी बाभूळ त्या यादीत नाही. पण आमच्याकडच्या काट्याकुट्यात चंदन आपोआप उगवतं, आणि रोप मनगटाएवढं होईपर्यंत ते चंदन आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. बांधालगतची झुडपं म्हणूनच हाताने बघायची. जमीन नगरपालिकेच्या हद्दीत असेल तर 1975 चा नागरी क्षेत्रातील झाडांचा कायदा लागतो आणि मग कुठल्याही झाडाबद्दल आधी विचारावं लागतं.

2. सगळं रान पायी फिरा

ही पायरी लोक गाळतात, आणि मोठे अपघात तिथेच होतात. बरोबर गावातला एक म्हातारा माणूस घ्या, ज्याने ती जमीन पिकताना पाहिली आहे. माझ्याबरोबर आमच्या वाट्याने जमीन केलेले भाऊकाका आले होते. त्यांनी काठी आपटत आपटत एका झुडपाशी मला थांबवलं आणि म्हणाले, “इथून पुढं जाऊ नको, इथं आड हाय.” कठडा नसलेला, तोंडावर घाणेरी पसरलेला जुना आड. मी एकटा असतो तर ट्रॅक्टर तिथूनच वळवला असता.

काय शोधायचं:

- आड, विहीर, बुजवलेली बोअर, जुन्या खाणीचे खड्डे
- हद्दीचे दगड. एक जरी ओढला गेला तर भाऊबंदकी सुरू होते. प्रत्येक दगडावर चुना मारा आणि शेजारी उंच काठी रोवा
- विजेच्या खांबांचे ताण, म्हणजे खांब धरून ठेवणाऱ्या तिरक्या तारा
- जमिनीखालून गेलेली पाइपलाइन. आमच्या भागात उजनीच्या पाण्यावरून लांबवर पाइप नेलेले आहेत. शेजाऱ्याचा पाइप तुमच्या गटातून जात असेल आणि तो फुटला, तर त्याचा ऊस वाळायला आठ दिवस पुरतात. आजूबाजूच्या प्रत्येकाला विचारा आणि पाइपच्या रेषेवर चुन्याची फक्की टाका
- मोहोळ आणि गांधीलमाशीचं पोळं. यंत्राच्या धक्क्याने आग्या मोहोळ उठलं तर ट्रॅक्टरवरच्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही. पोळं दिसलं तर तो भाग जाणकाराकडून आधी मोकळा करून घ्या

सापांचं वेगळं सांगतो. घोणस, फुरसं, नाग, मण्यार हे चारही आपल्या भागात आहेत आणि पडीक रान हे त्यांचं घर आहे. जाड बूट, पायाला गुडघ्यापर्यंत काहीतरी जाड, आणि झुडपात हात घालण्याआधी काठी. जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे हे काम सुरू होण्याआधी माहीत करून घ्या. चावलाच तर जखम कापणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं यातलं काहीही करू नका. माणसाला चालवू नका, 108 ला फोन करा आणि वाट बघण्यापेक्षा गाडी हाताशी असेल तर निघा. मोराची किंवा तितराची अंडी दिसली तर तेवढा तुकडा पिल्लं निघेपर्यंत सोडून द्या. मोर 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. आणि कायदा नसता तरी चार गुंठे महिनाभर थांबल्याने काही बिघडत नाही.

3. काय ठेवायचं ते आधी ठरवा

ट्रॅक्टर चालू झाला की डोळ्यांना सगळंच काटेरी दिसतं. म्हणून ठेवायच्या झाडांना आदल्या दिवशी चुन्याचा पट्टा मारा.

वेडी बाभूळ ओळखायला सोपी आहे. पिवळट हिरवी, बोटाएवढी लांब तुरेदार फुलं, लांबट पिवळ्या शेंगा, आणि पेराजवळ जोडीने येणारे लांब काटे. देशी बाभळीचं फूल पिवळ्या गोळीसारखं असतं आणि शेंग मण्यांची माळ ओवल्यासारखी दिसते. शमी, म्हणजे सौंदड, ही वेडी बाभळीची जवळची नातलग. पण तिचे काटे बारीक असतात आणि पेरांच्या मधल्या भागावर विखुरलेले असतात. शमी, देशी बाभूळ, हिवर, कडुनिंब ही बांधावर असतील तर ठेवा. तरवड, बोर यांनी बांधाची माती धरून ठेवलेली असते. नाल्याच्या काठाची झुडपं मी मुळीच काढली नाहीत. वर्षभरात एका वळवाच्या पावसात वरच्या शेजाऱ्याचा बांध फुटला, पण आमच्या बाजूचा काठ तसाच राहिला.

4. वेळ वाफशाची

सगळ्यांना वाटतं हे काम उन्हाळ्यात करावं, तेव्हा माणसंही मोकळी असतात. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात मूळ ओढलं तर ते गड्ड्याच्या वरच तुटतं, कारण माती दगडासारखी आवळलेली असते. भर पावसात ट्रॅक्टर रुततो. आमच्या भागात परतीचा पाऊस सप्टेंबरमध्ये चांगला होतो, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला वाफसा, म्हणजे चिखलही नाही आणि टणकही नाही अशी मातीची ओल, मला सगळ्यात योग्य वाटतो. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि टिचकी मारली तर फुटावा, ही खूण. मुरमाड रानात पाऊस उघडल्यावर तीन-चार दिवसांत काम करता येतं, काळ्यात त्याच्या दुप्पट थांबा.

याला दुसरंही कारण आहे. उन्हाळ्यात शेंगा पिकतात आणि गळतात. तेव्हा झाडं ओढत फिरलात तर बी रानभर पेरून होतं.

5. सामान

- 45 ते 50 एचपीचा ट्रॅक्टर, पुढे वजनं लावलेला. उलटल्यावर चालकाला वाचवणारी चौकट आणि पट्टा असलेला मिळाला तर तोच घ्या
- 20 फूट लोखंडी साखळदंड, साखळी अडकवायला दोन मजबूत शॅकल (बोल्टच्या कड्या)
- टिकाव, पहार, कुऱ्हाड, लांब दांड्याचा कोयता
- चामड्याचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असणं
- पुढच्या चाकांसाठी जादा ट्यूब
- दोन हंडे पाणी आणि ओली पोती

नायलॉनचा दोर आणू नका. तो ताणला जातो आणि तुटला की चाबकासारखा परत येतो.

वेडी बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून बसतो आणि पंक्चर लगेच होत नाही, दोन दिवसांनी होतं. रोज संध्याकाळी चारही टायर हाताने तपासून काटे पकडीने उपटा. भाड्याच्या ट्रॅक्टरवर पंक्चरचा खर्च कोणी द्यायचा हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. आमचा सगळ्यात मोठा वाद यावरूनच झाला.

6. ओढणं

हा भाग सावकाश वाचा आणि चालकालाही वाचून दाखवा.

पहिल्यांदा फांद्या छाटा, पण खोड कंबरेएवढं उंच ठेवा. साखळीला पकड त्यातूनच मिळते. मग बुंध्याभोवती टिकावाने वीतभर माती मोकळी करा आणि बाजूला पसरलेली एक-दोन जाड मुळं कुऱ्हाडीने तोडा. एका झाडाला पाच-सात मिनिटं जातात. मजूर म्हणतील की ट्रॅक्टर असताना हे कशाला. करून घ्याच, कारण माती मोकळी केलेल्या झाडाचा गड्डा आख्खा निघतो आणि न केलेल्याचा अर्धा आत राहतो.

साखळी खोडाला जमिनीपासून फूटभर उंचीवर दोन वेढे देऊन बांधा. ट्रॅक्टरच्या बाजूला ती फक्त ड्रॉबारला, म्हणजे मागे खाली असलेल्या ओढायच्या दांड्याला अडकवायची. टॉप लिंकला, लिफ्टच्या हातांना किंवा मागच्या धुरीला टोचन (ओढायची साखळी) लावू नका. टोचन उंच लागलं आणि झाड हललं नाही, तर मागची चाकं जागेवर धरली जातात आणि इंजिनाची सगळी ताकद ट्रॅक्टरचं तोंड वर उचलण्यात जाते. ट्रॅक्टर मागे उलटायला एक-दीड सेकंद लागतो. चालकाला क्लच दाबायचं सुचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. ड्रॉबार धुरीच्या खाली असल्यामुळे तोंड वर उचलणारा जोर बराच कमी राहतो.

लो गिअरमध्ये पहिला टाका. साखळी आधी हळूच ताठ करा, मग ओढा. झटके देऊ नका. पुढची चाकं हलकी झाली की लगेच क्लच. दोन प्रयत्नांत झाड हललं नाही तर दिशा बदलून ओढा, नाहीतर खाली उतरून अजून माती काढा. दोन्ही ब्रेक जोडलेले ठेवा. उतारावर आडवं ओढू नका, उताराच्या दिशेने ओढा.

ताठ साखळीच्या मध्यावर ओलं पोतं टाकून ठेवा. साखळी तुटली तर ते तिचा जोर मारतं. साखळीच्या दीडपट लांबीच्या घेरात चालकाशिवाय कोणीही उभं राहायचं नाही. मडगार्डवर कोणालाही बसू देऊ नका, पोरांना तर रानातच आणू नका.

खुंट तसेच ठेवायचे असतील तर तिरके छाटू नका. तिरका खुंट म्हणजे भाला, तो टायरही फाडतो आणि इंजिनाच्या खालचं चेंबरही.

घाणेरीला साखळी लागत नाही. तिचं सोटमूळ जमिनीखाली दोन-तीन बोटांवर टिकावाने तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं करून, मुळं वर, तिथेच वाळत ठेवायचं. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांनी ही पद्धत रुजवली आणि ती खरोखर चालते. घाणेरीचा पाला जनावरांना विषारी आहे, त्यामुळे ढीग गोठ्याजवळ रचू नका.

7. जेसीबी कधी बोलवायचा

मांडीपेक्षा जाड खोड असेल तर ट्रॅक्टरने प्रयत्न करू नका. आमच्या रानात अशी 30-32 झाडं होती. ती सगळी चुन्याने खुणावून ठेवली आणि जेसीबी एकाच दिवशी पाच तासांसाठी बोलावला. तासावर पैसे जातात, म्हणून झाडं आधी मोजलेली असली पाहिजेत. चालकाला सांगा की खड्डा लहान ठेव आणि वरची माती वेगळी टाक. हे सांगितलं नाही तर खालचा मुरूम वर येतो आणि त्या जागेवर दोन वर्षं पीक पिवळं पडतं.

जेसीबीने सगळंच रान खरवडून द्यायची तयारी ठेकेदार दाखवतात. ते करू नका. वेडी बाभळीखाली इतकी वर्षं पाला पडून कुजलेला असतो, तुमच्या पडीक रानातली सगळ्यात सकस माती तीच. ती खरवडून बांधाला लावली तर हातात मुरूम राहतो. लेव्हलर पाट्यानेही हीच चूक होते.

8. नांगरट आणि वेचणी

झाडं निघाली की पहिली पाळी पलटी नांगराची, 25-30 सेंटिमीटर खोल. राहिलेले लहान गड्डे आणि मुळं उघडी पडतात. नांगराचा शिअर बोल्ट (जादा ताण आला की नांगर वाचवायला आधी तुटणारा) दोनदा तरी तुटेल, चार जादा ठेवा. चालक म्हणेल की थेट रोटाव्हेटर मारू, एका दिवसात रान भुसभुशीत होईल. रोटाव्हेटर खुंटांवर गेला तर पाती मोडतात, आणि रानात हराळी असेल तर तिचे तुकडे होऊन प्रत्येक तुकडा नवीन फुटतो. चालत्या पीटीओच्या (मागचं अवजार फिरवणाऱ्या) शाफ्टजवळ मफलर, उपरणं, पदर असं काही येता कामा नये.

नांगरटीनंतर वेचणी. आमची ओढाओढ चार दिवसांत झाली, वेचणीला नऊ दिवस गेले. हा खर्च कोणी आधी धरत नाही. आठ-दहा दिवस उन्हात नांगरलेलं पडू द्या, मग कुळवाची पाळी घाला आणि वर आलेली मुळं पुन्हा वेचा.

डिझेलचा अंदाज हवा असेल तर आमच्या 45 एचपीच्या ट्रॅक्टरला जड कामात तासाला साधारण 5 लिटर लागलं. वाळलेलं गवत रेडिएटरच्या जाळीवर बसतं, दर दोन तासांनी थांबून साफ करा. सायलेन्सरजवळ अडकलेल्या काडीकचऱ्याला आग लागते. हंडे त्यासाठीच आहेत.

9. निघालेलं लाकूड

पेटवून देऊ नका. वेडी बाभळीचं जळण उत्तम जळतं आणि तिचा कोळसाही चांगला होतो. मी गावात सांगितलं की जाड लाकूड ज्याला हवं त्याने न्यावं, फक्त काटेरी फांद्या तोडून बांधावर रचून जावं. चार दिवसांत लाकूड संपलं आणि कुंपण फुकट झालं. गाडी भरून बाहेर विकणार असाल तर वाहतुकीबद्दल वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारून घ्या, नाहीतर नाक्यावर गाडी अडकते.

बुंध्यावर मीठ किंवा इंजिनाचं जळकं तेल ओतण्याचे सल्ले मिळतील. दोन्हीने माती मरते.

10. पुढची दोन वर्षं

जमिनीत बी पडून असतं आणि ते वर्षानुवर्षं उगवत राहतं. मोकळं रान ठेवलं तर तेच पहिलं वर येतं. म्हणून पहिल्या खरिपात दाट वाढणारं काहीतरी पेरा. मी दोन एकरांत ताग पेरून गाडला आणि उरलेल्यात बाजरी घेतली. हुलगा, मटकीही चालते.

शेंगा खाल्लेल्या जनावरांच्या शेणातून बी येतं. रानात मेंढ्या बसवणं ही जमिनीसाठी मोठी गोष्ट आहे, मी दोन्ही वर्षं बसवल्या. फक्त वेडी बाभळीच्या शेंगा गळायच्या दिवसांत बसवल्या नाहीत आणि मेंढपाळाला तसं मोकळेपणाने सांगितलं. त्यालाही ते पटलं, तो दिवाळीनंतर आला.

श्रावणात आणि पुन्हा दसऱ्याच्या सुमारास टिकाव घेऊन पिकाच्या ओळीओळीतून फिरा. बोटाएवढं रोप ओल्या मातीतून हाताने गड्ड्यासह निघतं. तेच पुढच्या वर्षावर टाकलंत तर त्याला साखळी लागते. दुसऱ्या वर्षी श्रावणात मी 140 रोपं उपटली, तिसऱ्या वर्षी 35, आणि त्यातली बरीचशी बांधाच्या कडेला होती, जिथे पक्षी आणि शेळ्या थांबतात. आता फिरायला गेलो की मी सुरुवात बांधापासूनच करतो.